समुद्रकिनाऱ्यावरून थेट देवदारांच्या जंगलात: हिमालयातल्या कॅम्पिंगचं प्लॅनिंग कुठल्या क्रमाने करायचं

गणपती झाले की, किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की, टेंट घेऊन हिमाचलला जायचे बेत सुरू होतात आणि पहिला प्रश्न कायम सामानाचा असतो. टेंट कुठला, स्लीपिंग बॅग कितीची, बूट कुठले. पहिल्या रात्री किती उंचीवर झोपायचं हे जवळजवळ कोणीच विचारत नाही आणि घोळ होतो तो नेमका तिथेच. रत्नागिरी, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, आपली घरं समुद्राला लागून, आपल्या शरीराला विरळ हवेची सवयच नाही, आणि चंदीगडला उतरून त्याच दिवशी गाडीने दहा हजार फुटांवर जाऊन टेंट ठोकला की रात्री दोन वाजता डोकं ठणकायला लागतं, उलट्या सुरू होतात आणि उरलेली ट्रिप आडवं पडून जाते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी तारखा, मग उंची, मग परवानगी, मग पाय, आणि त्यानंतर सामान. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. उदाहरणासाठी कुल्लू जिल्ह्यातला बंजार, जिभी, शोजा, जालोरी हा पट्टा घेतलाय, कारण तिथे देवदार आणि खरसू ओकचं जंगल रस्त्यापासून जवळ आहे आणि काही बिघडलं तर लगेच खाली उतरता येतं. पहिल्या वेळेला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

१. तारखा: आपली सुट्टी आणि तिथला मोसम जुळतोय का

आपल्याकडे रिकामा वेळ असतो तो बरेचदा चुकीचा असतो. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून होडीवाली मंडळी जुलैत निघायचं म्हणतात, पण जुलै-ऑगस्ट तिथे दरडींचे आणि ढगफुटीचे महिने. २०२३ च्या पावसात मंडी-कुल्लू भागात हायवे जागोजागी वाहून गेला होता आणि टुरिस्ट दिवसेंदिवस अडकले होते. आपण कोकणातले म्हणजे पावसाला सरावलेले, असं मनात आणू नका. आपल्या पावसात आपण भिजतो, तिथल्या पावसात अख्खा डोंगर खाली येतो.

चांगले दोन काळ आहेत. एक मे ते जूनचा मध्य, आणि दुसरा सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. आंब्याची बाग असेल तर मे गेलाच, मग गणपती झाल्यावर आणि भातकापणीच्या आधी किंवा ती उरकून असं बघा. ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ असते पण रात्री मेपेक्षा बऱ्याच थंड. जालोरी खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते, त्यामुळे डिसेंबरच्या नाताळच्या सुट्टीत हा प्लॅन करू नका.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं. मडगावहून चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती कोकण रेल्वेवरूनच जाते पण ती रोज नसते, नाहीतर मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरून पुढे जायचं. पावसाळी टाइमटेबल लागू असताना वेळा बदललेल्या असतात, ते बघून पुढची बस ठरवा.

चेक: जाण्यायेण्याचे दिवस सोडून डोंगरात निदान सहा दिवस मिळतायत का? नसतील तर खालच्या उंचीवरच कॅम्प करा, शोजाच्या वर जाऊ नका.

२. उंचीचा तक्ता कागदावर लिहा

हा टप्पा लोक सरळ गाळतात. एक कागद घ्या, डावीकडे तारीख, उजवीकडे त्या रात्री झोपायची उंची. दिवसा कुठवर चढलो ते एक वेळ चालतं, रात्री कुठे झोपलो ते महत्त्वाचं. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ७० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि तो तरुण, जिमवाल्या, तब्येतीने दणकट माणसालाही होतो, फिट असण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

नियम दोनच धरा. खालून येऊन पहिल्याच रात्री २७५० मीटरच्या वर झोपायचं नाही. आणि ३००० च्या पुढे रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, शिवाय दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम.

आपल्या उदाहरणात हे असं बसतं:

पहिली रात्र जिभी, साधारण १८०० मीटर, टेंट नाही, होमस्टेमध्ये. प्रवासाने माणूस पिळवटलेला असतो, नीट जेवा आणि झोपा.
दुसरी रात्रही जिभीलाच, दिवसा आसपासच्या गावांत पायी फिरा.
तिसरी रात्र शोजाच्या बाजूला, साधारण २६०० मीटर, पहिला कॅम्प.
चौथ्या दिवशी जालोरी खिंड, ३१२० मीटर, तिथून सेरोलसर तलावापर्यंत साधारण पाच किलोमीटर जंगलातून वाट आहे, जाऊन परत शोजालाच झोपायला या.
पाचव्या रात्री सगळे ठणठणीत असतील तरच ३००० च्या आसपास कॅम्प, नाहीतर शोजालाच राहा.
सहाव्या दिवशी खाली.

हे बघून "गाडी तर थेट खिंडीपर्यंत जाते, मग तीन दिवस वाया का घालवायचे" असं ग्रुपमधला कोणीतरी म्हणणारच. गाडी जाते हाच तर धोका आहे. चालत चढलो असतो तर शरीराला आपोआप वेळ मिळाला असता.

सावधान: महाबळेश्वर १३५३ मीटर, आंबोली सातशेच्याही आत. तिथे दोन रात्री राहून उंचीची सवय होत नाही. पायांची होते, ती चौथ्या टप्प्यात बघू.

३. परवानगी, आणि कुठे टेंट लावायचाच नाही

जंगल रिकामं दिसतं म्हणून ते कोणाचंच नाही असं होत नाही. बंजारला वनखात्याचं ऑफिस आहे, जिभीला पोचल्यावर तिथे जाऊन किंवा होमस्टेवाल्यांना सोबत घेऊन विचारा की कुठे कॅम्प चालतो आणि आगीबद्दल सध्या काय आदेश आहेत. शेजारच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये जायचं असेल, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तर परवाना आधी काढावा लागतो, ते काम आयत्या वेळेवर टाकू नका.

उत्तराखंडचा बेत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे जंगलाच्या वरच्या गवताळ माळांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. जुने फोटो बघून "त्या हिरव्या माळावर टेंट लावू" असा प्लॅन अजूनही होतो, तो करू नका. झाडांच्या पट्ट्यात, परवानगी असलेल्या जागीच राहायचं.

सेरोलसरला बुढी नागीणचं देऊळ आहे आणि आसपासचं जंगल लोक देवाचं मानतात. आपल्या गावच्या देवराईत आपण काडी मोडत नाही, बाहेरून आलेल्याने तिथे बाटल्या टाकल्या तर आपल्याला कसं होईल, तसंच समजा आणि तलावाकाठी टेंट लावू नका.

सावधान: सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, परदेशातल्या नातेवाईकाने दिलेलं असेल तर घरीच ठेवा. त्याऐवजी तुमचा उंचीचा तक्ता एक प्रत घरी आणि एक होमस्टेवाल्यांकडे द्या, कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत परत येणार ते त्यावर लिहा.

४. पाय आणि दम

निघायच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस चढ-उतार. सपाट बीचवर चालून उपयोग थोडाच. मार्लेश्वरच्या पायऱ्या, खेडजवळचे रसाळगड-महिपतगड, जवळचा कुठलाही घाट चालेल. पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये तांदळाची पिशवी, पाच किलोपासून सुरू करून हळूहळू दहापर्यंत. उतरण्याची प्रॅक्टिस जास्त करा, गुडघे उतारावरच बोलायला लागतात.

बीपी, दमा, हृदयाचा त्रास, मधुमेह, गरोदरपण असेल तर डॉक्टरला उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं "हिमाचलला चाललोय" म्हणू नका. उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दलही डॉक्टरशीच बोला, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच, मित्राने दिली म्हणून घेऊ नका.

५. सामान, आणि कोकणातली हवा त्याचं काय करते

आता सामान. आणि इथे आधी जुनं बघायचं, नवीन नंतर घ्यायचं.

आपल्या दमट हवेत माळ्यावर ठेवलेला टेंट बाहेरून चांगला दिसतो पण आतल्या बाजूचं वॉटरप्रूफ कोटिंग चिकट होऊन सालपटं निघायला लागतात. हात लावून बघा, चिकटलं किंवा आंबूस वास आला तर तो टेंट पावसात गळणार. चेनला खाऱ्या हवेने गंज धरलेला असतो, ती दहा वेळा उघडबंद करा. स्टोव्हचा जेट तपासा, पेटवून ज्योत निळी येते का बघा. स्लीपिंग बॅग पिशवीत दाबून ठेवली असेल तर महिनाभर आधी मोकळी करून उन्हात घाला, दाबून दाबून तिचा फुगा जातो आणि फुगा गेला की ऊब गेली.

मग टेंट खळ्यात लावून एक रात्र सगळ्यांनी आत झोपा. एकदा सड्यावरही लावा, कातळात खुंटी जात नाही तेव्हा दगड बांधून टेंट कसा ताणायचा ते तिथेच शिकता येतं आणि डोंगरात तशीच जमीन मिळू शकते. अंधारात, टॉर्चवर, वीस मिनिटांत उभा राहिला पाहिजे.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यातला कम्फर्टचा आकडा बघा. लिमिट किंवा एक्स्ट्रीमवाला आकडा म्हणजे त्या थंडीत कसंबसं तग धराल, झोप लागणार नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, ऑक्टोबरअखेर ३००० मीटरला रात्री पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जातो, तर कम्फर्ट उणे पाचची बॅग घ्या. विकत परवडत नसेल तर भाड्याने घ्या, पण घेताना चेन आणि वास दोन्ही बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भारी बॅग आणि खाली पातळ चटई. अंगाखाली बॅगचा भाग दबतो, त्यात हवा राहत नाही आणि जमीन रात्रभर ऊब ओढून घेते. फोमची जाड मॅट हवीच, शक्यतो दोन.

कपड्यांत कॉटन आणि जीन्स घरी ठेवा. घामाने भिजलेला कॉटनचा टीशर्ट आपल्याकडे अंगावरच वाळतो, तिथे संध्याकाळी तोच हाडं गोठवतो. आत सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर जाड जॅकेट, आणि सगळ्यावर वाऱ्या-पावसाचं जॅकेट. आपला जाड प्लॅस्टिकचा रेनकोट चढताना आतून घामाने भिजवतो, थांबल्यावर अंगावर घालायला ठीक. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, कोरडे, प्लॅस्टिक पिशवीत बांधलेले, आणि ते दिवसा काहीही झालं तरी घालायचे नाहीत. टोपी, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन आलंच, दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात त्यामुळे थंडी वाजत असतानाच चेहरा भाजतो.

चेक: सगळं भरून सॅक वजनकाट्यावर ठेवा. तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरली तर काहीतरी काढा.

६. खाणं आणि इंधन

गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, विमानातही नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. मोपाहून उडणार असाल तरी हेच. स्टोव्ह न्या, डबा तिकडे घ्या, आणि घेताना आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण आहे का विचारा. नुसता ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, म्हणजे पहाटे चहाच्या वेळेला ज्योत मरते आणि डबा तर अर्धा भरलेला असतो.

दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, ३००० मीटरला पाणी ९० अंशालाच उकळतं. तूरडाळ तासभर शिजवली तरी कडक राहते आणि उकडा तांदूळ तर विसराच. कुकर नसेल तर पिठांवर भर द्या. कुळथाची पिठी ह्या कामाला इतकी चांगली आहे की दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही, पाच-सात मिनिटांत होते, गरम, पोटभर, वजनाला हलकी. नाचणीचं सत्त्व, पोहे, मेतकूट आणि पातळ सुरय तांदळाचा मऊ भात, येताजाता खायला आंबापोळी, फणसपोळी, शेंगदाण्याचे लाडू. उंचीवर भूक मरते, तरी थोडं थोडं खात राहायचं, आणि आमसुलं बरोबर ठेवा, तोंडाला चव येते.

सुकट, सुके बोंबील मात्र अजिबात नको. त्या जंगलात काळी अस्वलं आणि बिबटे आहेत, तो वास लांबवर जातो आणि टेंटला चिकटून राहतो.

पाणी झऱ्याचं स्वच्छ दिसलं तरी वर गुरं-मेंढ्या चरत असतात. २००० मीटरच्या वर पाणी खळखळून उकळल्यावर तीन मिनिटं तसंच उकळू द्या. आपल्याकडे घाम दिसतो म्हणून तहान कळते, तिथल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो, म्हणून लघवीचा रंग बघा, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

७. जागा बघणं आणि टेंट लावणं

दुपारी तीनपर्यंत जागेवर पोचा. देवदारात ऊन लवकर जातं आणि पहाडात दुपारनंतर ढग जमतात. पोचल्यावर सॅक खाली ठेवायच्या आधी हा क्रम:

आधी वर बघा. डोक्यावर वाळलेली फांदी, वठलेलं झाड, अर्धवट पडून दुसऱ्याला टेकलेलं झाड दिसलं तर ती जागा सोडा, कितीही सपाट असली तरी.

मग चढाच्या बाजूला बघा. ताजे दगड, खरवडलेली माती, मोकळी घळ असेल तर वरून काहीतरी येतं.

मग पाय घासून जमीन बघा. खोलगट जागा टाळा, पाऊस आला की तिथे तळं होतं आणि थंड हवाही रात्री खोलगटातच साठते. ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब आणि उंचावर राहा. बिच्छू बूटी म्हणजे खाजकुयलीसारखं अंगाची आग करणारं झुडूप, ते बसायच्या जागेजवळ नको.

मग वारा कुठून येतो ते बघा आणि टेंटची अरुंद बाजू तिकडे करा.

खाली ताडपत्री घालाल ती टेंटपेक्षा थोडी लहान घाला, बाहेर आली तर पावसाचं पाणी गोळा करून आत आणते. भोवती चर खणू नका, जागा नीट निवडली तर गरज पडत नाही आणि मातीची वाट लागते.

स्वयंपाक आणि खाण्याच्या पिशव्या टेंटपासून शंभरेक पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. बिस्किटाचा पुडा, टूथपेस्टसुद्धा टेंटमध्ये नको. संडाससाठी पाण्यापासून ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा, टिश्यू आणि पॅड पिशवीत बांधून परत न्यायचे.

सावधान: शेकोटीशिवाय कॅम्प कसला, असं वाटतं खरं. पण भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं गुन्हा आहे, आणि मे-जूनमध्ये खालचं चीडचं, म्हणजे पाइनचं, जंगल एका ठिणगीने पेटतं. ऊब कपड्यांतून आणि बॅगमधून आणायची.

विजा चमकायला लागल्या तर कड्यावरून, खिंडीतून, एकट्या उंच झाडाखालून निघून सारख्या उंचीच्या झाडांच्या सखल पट्ट्यात या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

८. रात्र

टेंटच्या आत स्टोव्ह, शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, काहीही नाही, पाऊस पडत असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं झोपेतच जातात. थंडी जास्त असेल तर पाणी गरम करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि पायाशी घेऊन झोपा.

टेंटच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. सगळं बंद केलं की श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर टपकते, मग टेंट गळतोय असं वाटतं. मोबाइल, पॉवर बँक, हेडटॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगच्या आत घ्या, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. दारू आणि झोपेच्या गोळ्या उंचीवर नकोत, झोपेत श्वास आणखी मंदावतो.

९. त्रास झाला तर काय करायचं

रोज संध्याकाळी आणि सकाळी ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारा: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, चक्कर, भूक गेली, झोप लागली का. आपल्याकडची मुलं "काय नाय, बरां आसा" म्हणून मोकळी होतात, म्हणून तोंडाकडे बघून विचारा, ताट संपलं का तेही बघा.

नुसतं हलकं डोकं दुखतंय तर आहे तिथेच थांबा, पाणी, आराम, वर जायचं नाही. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा खूप थकवा असेल आणि काही तासांत कमी होत नसेल तर खाली. बसल्या जागी दम लागतोय, खोकल्यातून फेस येतोय, किंवा माणूस बरळतोय, तर रात्र असो पाऊस असो, लगेच खाली, सोबत दोन जण, निदान ३०० ते १००० मीटर. टाच-अंगठा जोडून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा, तोल गेला तर वाट बघू नका. गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू, हा निर्णय जीव घेतो. रेंज असेल तर ११२ ह्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.

ह्या एका कारणासाठी गाडीवाल्याचा नंबर आणि रात्री यायची तयारी आधीच बोलून ठेवायची, पैसे जास्त घेतले तरी.

१०. परत आल्यावर

निघताना कचरा, खालचे सुतळीचे तुकडे, केसांची रबरं सगळं उचला. घरी आल्यावर टेंट त्याच दिवशी उघडा. ट्रेनमध्ये दोन दिवस गुंडाळून आलेला ओला टेंट आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरतो. सावलीत दोरीवर पूर्ण वाळवा, खुंट्या धुऊन पुसून ठेवा, स्लीपिंग बॅग पिशवीत न कोंबता जुन्या चादरीत सैल गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात टांगा किंवा ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा.